‘अ नोबडी’ला मराठीत काय म्हणायचं

माझा धाकटा भाऊ इंग्रजीत लिहितो. घरी त्याला आम्ही तम्मा म्हणतो. कन्नडमध्ये तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मी त्याची अक्का. आमच्या घरात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात, आणि एका वाक्यात कुठली संपून कुठली सुरू झाली याकडे कुणी लक्ष देत नाही. इंग्रजी मात्र आमच्या घरात बाहेरून आली, आणि ती आधी माझ्याकडे आली. मी सोलापुरातच एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवते. तम्मा बंगळुरात जाहिरातींच्या कंपनीत आहे.

संक्रांतीला भरणारी गड्ड्याची यात्रा नुकतीच उठली होती, पाळणे अजून सुटे करत होते, त्या दिवसांत तम्माने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लिंक टाकली. एका इंग्रजी मासिकात त्याचा लेख छापून आला होता. खाली मराठीत लिहिलं होतं, ‘अप्पा, तुमच्यावर लिहिलंय.’

मी शाळेत होते. पुढच्या तासाची घंटा झाली म्हणून फोन पर्समध्ये टाकला. मनातून इतका आनंद झाला होता की त्या तासाला मी कुणाला रागावले नाही.

अप्पा बोर्ड रंगवायचे. पेंटर म्हणूनच त्यांना अख्खं गाव ओळखायचं. पूर्व भागातल्या दुकानांवर तेलुगु, बेगमपेठेत उर्दू, अक्कलकोट रोडला कन्नड, आणि सगळीकडे मराठी आणि इंग्रजी. वाचायला त्यांना मराठी यायचं, कन्नड अडखळत यायचं. बाकीची अक्षरं ते चित्रासारखी काढायचे. गिऱ्हाइकाने कागदावर लिहून दिलं की त्या वळणाचं मोठं वळण फळीवर उतरायचं, आणि चूक व्हायची नाही. फ्लेक्स आले तेव्हा त्यांचं काम हळूहळू बंद पडलं. त्याबद्दल ते फारसं बोलले नाहीत. ब्रश रॉकेलमध्ये धुऊन, फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकले आणि रोज संध्याकाळी मित्राच्या गॅरेजवर जाऊन बसू लागले.

हा मित्र म्हणजे ट्रकची बॉडी बांधणारे मिस्त्री. त्यांच्या गॅरेजचा पहिला बोर्ड अप्पांनीच रंगवलेला.

माझं सासर दोन गल्ल्या सोडून आहे. संध्याकाळी शाळेतून परस्पर माहेरी गेले, तर मिस्त्री आमच्या घरी येऊन बसलेले. अप्पांनी दुपारीच कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन लेखाची रंगीत प्रत काढून आणली होती. दुकानदाराला सांगून प्लॅस्टिकमध्ये पक्की करून घेतली होती. अंगात इस्त्रीचा शर्ट. अव्वाने, म्हणजे आमच्या आईने, चहा ठेवला होता आणि सगळे माझीच वाट बघत होते.

“ये, ये,” अप्पा म्हणाले. “आता नीट वाच. घाई करू नगंस. एक वळ इंग्रजी, एक वळ मराठी.”

“मी अजून वाचलेला नाही, अप्पा. आधी एकदा डोळ्यांखालून घालते.”

“मग लईच चांगलं. सगळे संगं ऐकू की.”

मी कागद हातात घेतला. पहिलं वाक्य अगदी लहान होतं. माय फादर वॉज अ नोबडी. त्याच्या पुढचं थोडं लांब होतं: इतरांची नावं मोठी करून लिहिण्यात त्याचा जन्म गेला.

मी पहिलं वाक्य सोडलं. दुसऱ्याचं मराठी केलं, जरा सजवून. इतरांची नावं मोठ्या अक्षरांत लिहिण्यात अप्पांनी आयुष्य घातलं, असं काहीतरी. मिस्त्रींनी मान हलवली. अव्वा दारात उभी राहून पदराने हात पुसत होती.

अप्पा माझ्या शेजारी सरकले. त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

“ही वरली वळ ऱ्हायली की.”

“तीच ती, अप्पा. दोन्हीचं मिळून सांगितलं.”

“न्हाय.” त्यांचं बोट शब्दाच्या शेवटाखाली थांबलं. “हे बॉडी हाय. हे मी ह्याच्या गॅरेजवर काढलंय. जिमच्या बोर्डावर काढलंय. आन्‌ त्याच्या आदी नो. नो पार्किंग किती काढली असतील मी. मग नो बॉडी म्हंजे काय?”

मिस्त्री हसले. “बॉडी माझी हाय. माझ्याबद्दल लिवलं असंल.”

अप्पाही हसले. मला हसता आलं नाही.

“म्हणजे साधा माणूस,” मी म्हणाले.

अप्पांनी थोडा विचार केला. “साध्याला सिंपल म्हणत्यात. सिंपल मी काढलंय, साड्यांच्या दुकानावर. त्यानं सिंपल का न्हाय लिवलं?”

मी शिक्षिका आहे. मुलांनी शब्दाचा अर्थ विचारला की मी तो सांगते, माहीत नसेल तर उद्या सांगते म्हणते. तिथे उद्या म्हणायची सोय नव्हती. अप्पा माझ्याकडे बघत होते आणि आता त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. आपल्याला काहीतरी टाळून सांगितलं जातंय हे कळायला त्यांना इंग्रजीची गरज नव्हती.

“नोबडी म्हणजे कुणी नाही,” मी म्हणाले.

“कुणाचं कुणी न्हाय?”

हा प्रश्न अगदी बरोबर होता. मराठीत ‘कुणी नाही’ म्हटलं की पुढे काहीतरी लागतं. घरात कुणी नाही. तो माझा कुणी नाही. इंग्रजीत त्या शब्दाच्या आधी एक छोटा ‘अ’ लावला की बाकी काहीच लागत नाही. माणूस तिथेच संपतो.

“ज्याला कुणी विचारत नाही, असा माणूस,” मी म्हणाले. “किंमत नसलेला. असं लिहिलंय, अप्पा.”

अव्वा आत गेली. मिस्त्रींनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, “इंग्लिशात तसंच लिवत असत्यात, पेंटर. आदी खाली दाखवायचं, मग वर उचलायचं. फुडं वाच, बाई.”

मी पुढे वाचलं. मिस्त्रींचं खरं होतं. पुढे बरंच उचललं होतं. अप्पांच्या हाताबद्दल, अक्षरांच्या सावल्या ते कशा काढायचे त्याबद्दल, रंगाच्या वासाबद्दल तम्माने सुंदर लिहिलं होतं. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा किती पुढे गेलंय हे दिसत होतं. ते इंग्रजी मी सुरू करून दिलेलं होतं. तो पाचवीत असताना मी बी.एड. करत होते, आणि रोज संध्याकाळी त्याला घेऊन बसायचे. ‘नोबडी डिड नॉट कम’ असं तो लिहायचा, आपल्याकडची सगळीच मुलं लिहितात. दोन नकार नकोत, म्हणून मी त्याला बाहेर पाठवायचे, दार लावायचे आणि विचारायचे, “आत कोण आलं?” तो बाहेरून ओरडायचा, “नोबडी केम!”

लेखात त्या संध्याकाळी होत्या. एका वाक्यात. ‘घरात समबडीने मला मुळाक्षरं शिकवली होती.’

समबडी. कुणीतरी.

मी ते वाक्य इंग्रजीत वाचलं, त्याचं मराठी केलं आणि पुढे गेले. आवाजात काही येऊ दिलं नाही. पण पुढच्याच परिच्छेदात मला थांबावं लागलं. तिथे बार्शी होती.

मी सातवीत असताना दिवाळीच्या सुट्टीत अप्पा मला बार्शीला घेऊन गेले होते. बाजारातल्या एका अडत दुकानाचा बोर्ड जागेवरच रंगवायचा होता. दुकान उंच, शिडी जुनी, आणि धान्याच्या गाड्या तिच्याजवळून जायच्या. मी दिवसभर शिडी धरून उभी होते. वरून लाल रंगाचे थेंब माझ्या केसांत पडले. दुपारी वारा सुटला तेव्हा अप्पा वरून म्हणाले होते, “सोडू नगंस गं.” मी शिडीला मिठीच मारली. परतताना एसटीत त्यांनी रॉकेलच्या फडक्याने माझे केस पुसले आणि शेजारची बाई नाकाला पदर लावून उठून गेली. तम्मा तेव्हा पाळण्यात होता. ही गोष्ट त्याला मी सांगितली, एकदा नाही, कितीतरी वेळा, झोपवताना.

लेखात शिडी तम्माने धरली होती. लाल थेंब त्याच्या केसांत पडले होते. ‘सोडू नकोस’ हे अप्पा त्याला म्हणाले होते. शेजारच्या बाईने नाकाला लावलेला पदरसुद्धा त्याने सोडला नव्हता.

त्याने जसं लिहिलं होतं तसंच मी वाचलं.

“थांब,” अप्पा म्हणाले. “बार्शीला तर तू आलतीस की.”

“हो.”

“हा कुटं हुता तितं?”

अप्पांनी माझ्या हातातून कागद घेतला. प्लॅस्टिकवरून अंगठा फिरवला, छपाई कशी आहे बघतात तसा. मग म्हणाले, “कागद चांगला हाय,” आणि उठून चप्पल घालून मिस्त्रींबरोबर बाहेर गेले.

तम्माला फोन मी घरी जाऊन केला, गच्चीवर उभी राहून. तो खूश होता. किती लोकांनी लेख पुढे पाठवला, कोण काय म्हणालं, ते सांगायला लागला. मी त्याला मध्येच विचारलं, “नोबडी कशाला लिहिलंस?”

“अक्का, ते फिगरेटिव्ह आहे. तू शब्दाला धरून बसू नकोस.”

“मला फिगरेटिव्ह म्हणजे काय ते सांगू नकोस. मी ते शिकवते.”

“मग तुला कळायला हवं. मी स्वतः म्हणत नाहीये की ते नोबडी आहेत. जग म्हणतं. वाचकाला आधी तसं वाटू द्यायचं आणि मग दाखवायचं, की बघा, हा माणूस कोण होता.”

“जग कधी म्हणालं? कुणी म्हणालं ते सांग ना. सोलापुरात तरी कुणाच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. पहिल्यांदा तूच म्हणालास.”

तो मग म्हणाला, “एडिटरला ते वाक्य फार आवडलं.”

“एडिटरने लिहिलं का?”

“नाही. मीच लिहिलं.”

“आणि बार्शी?”

त्याच्या मागे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

“अक्का, ती गोष्ट मी इतक्या वेळा ऐकलीये की मला ती माझीच वाटते. खरंच. मला तो रंगाचा वास आठवतो.”

“तू पाळण्यात होतास.”

“लेखात दोन मुलं आली असती तर पसरला असता. ती बाप-मुलाची गोष्ट आहे. तुला मी काढून टाकलेलं नाही. समबडी म्हटलंय ना? इंग्रजीत समबडी म्हणजे मोठा माणूस पण होतो. तूच शिकवलं होतंस.”

हे तो हसत म्हणाला. लाडाने. लहानपणी काही फोडलं की हसायचा तसं. त्या हसण्यावर मी नेहमी विरघळत आले होते, आणि त्याला ते माहीत होतं. मी फोन ठेवून दिला.

नंतर बराच काळ मी त्याच्याशी बोलले नाही. ग्रुपवर त्याचे मेसेज यायचे, मी उघडायचे आणि ठेवून द्यायचे. माझ्या नवऱ्याने एकदा विचारलं, “एवढं काय त्यात? भाऊच आहे.” त्याला सांगायला गेले आणि मध्येच सोडून दिलं. सांगताना ते फारच लहान वाटत होतं. एक शिडी, एक शब्द. चोरी म्हणावी तर घरातलं काही गेलेलं नव्हतं. पण बार्शीचा तो दिवस आठवायला गेले की आता त्यात तम्मा उभा दिसायचा. मी त्याला बाजूला करायचे, तो परत यायचा. त्याचं वाक्य माझ्या आठवणीपेक्षा नीट होतं.

अप्पांनी लेखाचा विषय पुन्हा काढला नाही. मी मात्र त्यांच्या बाजूने भांडतेय असं धरून चालले होते. अव्वाशी, मामांशी, फोनवर काकूशी. “अप्पांना काय वाटलं असेल याचा विचार केला का त्याने?” हे मी इतक्यांदा म्हटलं की काकू शेवटी माझा फोन घेईना.

श्रावणात तम्मा आला. बरोबर एक फोटोग्राफर होता. लेखाचं पुस्तक होणार होतं आणि त्यासाठी अप्पांचे फोटो हवे होते, काम करताना. मला अव्वाने फोन करून बोलावलं. मी गेले, कारण मला वाटलं, आता अप्पा काय म्हणतात ते त्याने माझ्यासमोर ऐकावं.

अप्पा अंगणात उभे होते. माळ्यावरचे ब्रश खाली आले होते. त्यांच्या अंगात जुना, रंगाने माखलेला शर्ट होता. अव्वाने गाठोड्यातून शोधून दिलेला. पोटावर बटण लागत नव्हतं.

“अप्पा, हा शर्ट कशाला?” मी विचारलं.

“तम्मा म्हनला.”

फोटोग्राफर चांगला होता बिचारा, नम्र होता. त्याने अप्पांना शेजारच्या बंद दुकानाच्या फळीवर काहीतरी लिहायला सांगितलं. काहीही, म्हणाला, अक्षर दिसलं म्हणजे झालं. अप्पांनी शिडी लावली. सत्तरीच्या पुढचा माणूस, गुडघे धरलेले, आणि वर चढायला निघाला. मी तम्माकडे बघितलं. तो फोटोग्राफरला उजेडाबद्दल सांगत होता.

मग तो माझ्याकडे वळला. “अक्का, जरा शिडी धरतेस का? बाजूने धर. फ्रेममध्ये येऊ नकोस.”

त्याला ते बोलताना काहीच आठवलं नाही. मी त्याचा चेहरा नीट बघितला. त्यात खोडी नव्हती, लाजही नव्हती. बार्शी त्याच्यासाठी खरोखरच त्याची झाली होती.

मी शिडी धरली. अप्पा वर होते, दुसरं काय करणार? फोटोग्राफर म्हणाला, “थोडं अजून बाजूला, मॅडम,” आणि मी थोडी अजून बाजूला झाले. अप्पांनी वर काय लिहिलं ते मी बघितलं नाही. त्यांचे पाय थरथरत होते, मी त्यांच्याकडेच बघत होते.

काम झाल्यावर तम्मा आणि फोटोग्राफर जेवायला बसले. अव्वाने धपाटे केले होते. मी न जेवता निघाले. अप्पा फाटकापर्यंत आले, त्याच शर्टात.

“तुम्ही ‘नाही’ का म्हणाला नाहीत, अप्पा?”

“कशाला?”

“त्याने काय लिहिलंय ते माहीत असून चढलात. या वयात. मी सहा महिने त्याच्याशी बोललेली नाही तुमच्यासाठी.”

अप्पांनी हातावरचा रंग बोटाने खरवडला. “मी म्हनलो हुतो का, बोलू नगंस?”

मी फाटकाची कडी काढली.

“पोरगं आपलं हाय,” ते म्हणाले. “त्यानं बोलावलं, मी चडलो. त्यो मला कायबी म्हनू दे. मला ठावं हाय की मी कोन हाय ते.”

“आणि मी?”

त्यांना तो प्रश्न कळला नाही. किंवा कळला असेल. ते म्हणाले, “तू शिकल्याली हाईस, तुला काय सांगू,” आणि आत गेले. आतून तम्माचं हसणं ऐकू आलं आणि लगेच अप्पांचंही.

तम्मावरचा राग मला समजत होता. तो माझा होता, मी तो सांभाळून ठेवला होता. अप्पांनी त्यातलं त्यांचं नाव काढून घेतलं, आणि मग मी एकटीच कशासाठी भांडत होते ते मला सांगता येईना. घरी जाऊन मी मुलांच्या वह्या तपासल्या. सर्वनामांचाच धडा होता. एकीने लिहिलं होतं, ‘नोबडी इज नॉट इन माय हाऊस.’ मी ‘नॉट’वर लाल रेघ मारली आणि पुढची वही घेतली.

भाऊबीजेला तम्मा पुन्हा आला. अव्वाने ताट तयार करून माझ्या हातात दिलं, मला नाही म्हणायची संधी न देता. मी त्याला कुंकू लावलं, ओवाळलं. त्याने पिशवीतून पुस्तक काढून ताटात ठेवलं. नवीन, गुळगुळीत. कव्हरवर अप्पांचा शिडीवरचा फोटो होता.

“आतल्या पहिल्या पानावर बघ,” तो म्हणाला. “आभारात तुझं नाव घातलंय.”

मी पान उघडलं. पुष्कळ नावं होती, स्वल्पविराम देऊन एकापुढे एक. त्या गर्दीत माझं होतं. स्पेलिंग बरोबर होतं.

“अजून रागावलीयस का?” त्याने विचारलं.

“नाही,” मी म्हणाले.

त्याने माझ्या पाया पडून डोकं वर केलं. त्याचा चेहरा मोकळा झाला होता. अव्वाने हाक मारली तसा तो फराळाला गेला. मी पुस्तक मिटलं आणि ते कुठे ठेवावं हे न सुचून तसंच हातात धरून उभी राहिले.